बाबांची उर्दू

मी आजवर मारलेल्या थापा एकीला एक लावून उभ्या केल्या, तर रांग हैदराबादेत गौलीगुड्याच्या बस अड्ड्यातून निघून थेट नांदेडला पोचेल, आणि तिथेही मागून कुणीतरी ओरडेल — सरका मियाँ, अजून पुष्कळ आहेत. मला ओळखणारा कुणीही हे सांगेल. पण आता जे सांगणार आहे, ते त्या रांगेत कधी उभं राहिलं नाही. बायकोला ठाऊक नाही. आईला अर्धं ठाऊक होतं, आणि ते अर्धं ती सोबत घेऊन गेली. तुम्ही पहिले. तुम्हीच का? तुम्ही समोर आहात, एवढंच.

एक आधीच सांगून ठेवतो. मला साधं बोलता येत नाही. मी तोंड उघडलं की मांजराचा वाघ होतो आणि वाघाला पंख फुटतात. तेव्हा मध्येच मी अडखळलो, मागे आलो, आधीचं वाक्य खोडलं — तर तेवढं खरं धरा. बाकीचं झटकून टाका.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी सुलतान बाजारात साड्यांच्या एका दुकानाबाहेर उभा असायचो. आत नाही — बाहेर. आत गादीवर बसून घड्या उलगडणारे वेगळे. माझं काम रस्त्यानं जाणारी बाई आत वळवायची. "आओ अम्मा, रंडी अक्का, या वहिनी!" — एका दमात तीन भाषा; मधली तेलुगू, तिच्यात 'रंडी' म्हणजे 'या'. मी सुती साडीला इरकली म्हणायचो आणि इरकलीला पैठणीची सख्खी बहीण. एकदा एका बाईला अशी साडी गळ्यात मारली की पहिल्या धुण्यात तिचा रुमाल झाला. बाई तो रुमाल नाचवत भांडायला आली आणि दुसरी साडी घेऊन गेली. — बरं, रुमाल नाही. टॉवेलाएवढी उरली होती. पण दुसरी घेऊन गेली, हे खरं.

बाबा नेमके उलटे. दिवसाकाठी त्यांचे शब्द मोजायला दोन हातांची बोटं पुरायची. ते एका मोठ्या सरकारी कारखान्यात टूलरूम सांभाळायचे. तिथली रीत अशी, की कामगारानं हत्यार न्यायचं तर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला बाबांना द्यायचा. बाबा तो त्या हत्याराच्या खिळ्यावर लटकवायचे. हत्यार परत आलं की बिल्ला परत. बिल्ला नाही तर हत्यार नाही — मग मॅनेजर का येईना. तीस वर्षांत एका खिळ्यावर चुकीचा बिल्ला लटकला नाही. ही माझी थाप नव्हे, अख्खा कारखाना सांगायचा.

आणि म्हणूनच पहिल्यांदा लोक हसले. त्या सकाळी बाबांनी कानशीच्या खिळ्यावर करवत नेणाऱ्याचा बिल्ला लावला. कुणीतरी म्हणालं, "क्या गोविंदराव, आज चढा के आए क्या?" बाबांनी वळून पाहिलं, तेव्हा त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

लकवा. उजवा हात, उजवा पाय, आणि वाचा.

आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड. भिंती इतक्या पातळ, की शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की आई आमची डाळ उतरवायची. आई, बाबा, मी. त्याआधी माझं सगळं आयुष्य गौलीगुड्यात एका भाड्याच्या खोलीत गेलेलं. तिथं संडास खाली अंगणात, सात बिऱ्हाडांत एक. या क्वार्टरसाठी बाबांनी अकरा वर्षं वाट पाहिली होती. आई दाराला तोरण बांधताना रडली होती.

आता कारखान्याच्या वेल्फेअर ऑफिसातल्या मूर्ती बाबूंनी मला काय समजावलं, ते सांगायलाच हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मूर्ती बाबू भला माणूस. फाइल मिटून, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "देखो दिगंबर, हाथ-पाँव का क्या बी नहीं. टूलरूम का काम बैठके का काम है. बोर्ड एकीच देखता — बात करता या नहीं करता. बात करता बोले तो लाइट ड्यूटी. लाइट ड्यूटी बोले तो लिस्ट में पहला नाम."

लिस्ट म्हणजे घरी पाठवायच्या माणसांची. तेव्हा सरकारी कारखान्यांत माणसं कमी करायचं वारं होतं. हातावर एकरकमी पैसे ठेवायचे, हात मिळवायचा, आणि तीन महिन्यांत क्वार्टर रिकामी. हलक्या कामावरची माणसं सर्वांत आधी. पण डॉक्टरांच्या बोर्डानं 'कायमचा नाकाम' असं लिहिलं, तर जन्मभर पेन्शन, मुलाला कारखान्यात नोकरी आणि क्वार्टर मुलाच्या नावावर. हाही कायदा जायच्या बेतात होता. मूर्ती बाबू म्हणाले, जे करायचं ते या वर्षात.

पहिल्या बोर्डापुढे बाबा खरंच मुके होते. लबाडी नव्हती. डॉक्टर तरुण होता, नीट वागला. त्यानं कागदावर लिहिलं — वाचा परत येण्याची शक्यता, सहा महिन्यांनी पुन्हा हजर करा. आणि कागद माझ्या हातात देताना तोंडानं म्हणाला, "यांना बोलायला लावा. रोज. हेच सहा महिने सोन्याचे आहेत. जे यायचं ते आत्ताच येतं."

कागदावर एक आणि तोंडात एक. दोन्ही त्याच माणसाचं. मी दोन्ही घेऊन बाहेर आलो.

त्या आठवड्यात मी भाड्याच्या खोल्या पाहत फिरलो. वाटलं, बघून तर ठेवू. हिमायतनगरला भाडं ऐकून मी हसलोच — मालक केबल टीव्हीसकट घर देतो म्हणाला, जणू बाबांना अमेरिकेच्या बातम्या ऐकायच्या होत्या. गौलीगुड्यात आमच्या जुन्याच मालकाकडे गेलो. वरच्या मजल्यावर खोली होती. संडास खालीच. मी पायऱ्या मोजल्या — एकवीस. बाबा तेव्हा पलंगावरून खुर्चीवर यायला दोन माणसं घेत. आणखी एका घरात मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "इथं जाणार नाहीत ना हो ते? मग खोलीला गिऱ्हाईक मिळत नाही."

मी, तोंडाळ माणूस. पेला खाली ठेवून निघालो. हे सबब म्हणून सांगत नाही. असं झालं, म्हणून सांगतो.

आणि मग वहीदचाचा आले.

चाचांचं सुलतान बाजारात घड्याळदुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं, माझ्या जागेपासून वीस पावलांवर. चावीची घड्याळं संपत आली होती. सेलवाली स्वस्त घड्याळं आली होती आणि बिघडली की लोक फेकून द्यायचे. त्यामुळे चाचांना वेळच वेळ. ते आणि बाबा नांदेडकडच्या एकाच गावचे, शाळेत एका बाकावरचे. निजामाच्या काळात आमच्या मराठी मुलांनाही वरच्या इयत्तांत उर्दूतच शिकावं लागे. बाबांनी ती उर्दू पुढे कधी घरात आणली नाही. कारखान्यात सगळे बोलतात तशी मोडकी-तोडकी बोलायचे, बस्स.

तो शुक्रवार. चाचा नमाज करून बसनं आले, हातात बिस्किटांचा पुडा. पलंगाशी बसले. आधी नुसतंच पाहत राहिले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे — छाती पुढे काढली, नाक वर केलं आणि त्यांच्या शाळेतल्या जुन्या मौलवीसाहेबांचा आवाज काढून हाजरी घ्यायला लागले. एकेक नाव. बापाच्या नावासकट. दोन-चार नावं झाली, आणि —

"गोविंद वल्द नारायण!"

"हाज़िर जनाब."

आईच्या हातातला कपच पडला. — नाही. कप पडला नाही, कप मी आत्ता पाडला. आई नुसती उभी राहिली. बाबांचा आवाज जाड होता, ओला होता, पण शब्द सबंध होते. पाच आठवड्यांनी आलेले पहिले शब्द.

त्यानंतर बाबांची उर्दू येत गेली. मराठी एक अक्षर नाही, उर्दू मात्र. नंतर एका डॉक्टरनं मला सांगितलं की असं होतं, डोक्यात भाषांची घरं वेगवेगळी असतात, एक कोसळलं तरी दुसरं उभं राहू शकतं. तेव्हा आम्हाला काही माहीत नव्हतं. आई चमचा धरून म्हणायची, "म्हणा, चमचा." बाबा घाम फुटेपर्यंत खटपट करायचे आणि म्हणायचे, "चम्मच." आई म्हणायची, "चम्मच तर चम्मच. बोलताहेत ना!" आणि तीस वर्षं तिला 'अगं ए' म्हणणारा माणूस एका दुपारी तिला म्हणाला, "आप बैठिए." ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसली. हसली की रडली, मी पाहायला गेलो नाही.

तीन शुक्रवार. तीन शुक्रवारांत बाबा हाजरीवरून सबंध वाक्यांवर आले. "खिड़की खोलो." "पानी ठंडा है." एकदा तर चाचांना म्हणाले, "वहीद, तू मोटा हो गया."

मग मूर्ती बाबू मला कारखान्याच्या फाटकात भेटले. म्हणाले, बोर्डाच्या आधी वेल्फेअर इन्स्पेक्टर घरी येतो, न सांगता. शेजाऱ्यांनाही विचारतो. आणि शेजारी म्हणजे — आमच्या क्वार्टरवर डोळा ठेवून बसलेली तीन घरं होती. कुकरची शिट्टी ऐकू येते तिथं 'हाज़िर जनाब' ऐकू येणार नाही?

आता मी त्या गोष्टीभोवती घिरट्या घालतोय, तुमच्या लक्षात आलंच असेल. गिऱ्हाईक दुकानासमोर तीन चकरा मारतं, तसं.

आधी बाबांना सांगितलं. त्यांच्याशी उर्दूत बोललो — जन्मात पहिल्यांदा. पलंगाशी बसून सगळं सांगितलं, बोर्ड, लिस्ट, क्वार्टर, एकवीस पायऱ्या. त्यांनी सगळं ऐकलं. समजत होतं त्यांना, सगळं समजत होतं. बराच वेळ शब्द शोधला आणि मग एकच विचारलं — "झूठ?"

मी म्हटलं, "झूठ नहीं बाबा. सिर्फ़ चुप."

बघा, माझं कसब. बापालाही मी माल विकला.

त्यांनी डावा हात उचलला आणि पडू दिला. तो होकार होता का? मी होकार धरला. मग त्यांचा ट्रान्झिस्टर उचलून दुकानात नेऊन ठेवला, कारण उर्दू बातम्या लागल्या की ते निवेदकाच्या मागून पुटपुटायचे. आईला सांगितलं, चमचा-बिमचा बंद. ती म्हणाली, "डॉक्टर तर म्हणाले होते ना रे, बोलायला लावा?" मी म्हटलं, "सहा महिन्यांचा प्रश्न आहे आई. नंतर बोलू देत की, हवं तेवढं." सहा महिने. त्याच सहा महिन्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाला होता, हे मला ठाऊक होतं. आईलाही मीच सांगितलं होतं.

पण चाचा? चाचांना काय सांगायचं? खरं सांगता आलं असतं. ते गप्प राहिले असते, बाबांच्या कानात कुजबुजत बोलले असते, काहीही केलं असतं त्यांनी. पण टपरीवर दिवसभर माणसं, चाचा भाबडे, तोंडातून निसटलं तर — असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण याहून लहान आहे. खरं सांगायला मला तोंड वळवावं लागलं असतं. थाप आपोआप आली.

मी त्यांच्या टपरीवर गेलो. ते डोळ्याला भिंग लावून एका बायकी घड्याळात घुसले होते. मी म्हटलं, चाचा, काल तुम्ही गेलात आणि तासाभरात बाबांना पुन्हा झटका आला.

एवढ्यावर थांबायचं ना? मी थांबलो नाही. मी म्हटलं, डोळे पांढरे झाले होते. म्हटलं, डॉक्टर ओरडले, याला इतकं बोलायला कुणी लावलं? म्हटलं, जो शब्द येत होता तोही गेला. म्हटलं, दिमाग की नस है चाचा, पुढच्या वेळी फुटेल. मी बोलत गेलो आणि माझ्या अंगावरच काटा येत गेला, इतकं छान जमत होतं.

चाचांनी भिंग काढलं. चिमट्यातला स्क्रू कुठंतरी उडाला. ते तो शोधायला वाकले नाहीत.

"मैंने… मैंने तो सिर्फ़ हाज़री ली थी, बेटा."

हे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. वाचा दाबून ठेवली, बोर्डाला फसवलं, त्यातलं काही आईला ठाऊक होतं, काही मूर्ती बाबूंनी ओळखलंही असेल. पण त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर मी त्याच्या दोस्ताचा लकवा ठेवला, हे फक्त मला ठाऊक आहे.

चाचा यायचे थांबले. दर शुक्रवारी बिस्किटांचा पुडा मात्र माझ्याकडे द्यायचे. "बोलना नक्को किसने दिया. खाली खिला दे." मी घरी नेत होतो. बाबांना वास कळायचा. ते पुड्याकडे पाहायचे, मग दाराकडे, मग माझ्याकडे. मी म्हणायचो, चाचांना काम आहे. चाचा मुंबईला गेलेत मुलीकडे. चाचांचा गुडघा धरलाय. दर शुक्रवारी नवीन थाप. माझ्याकडे कमी होती का?

इन्स्पेक्टर आला तो एका दुपारी. मी नशिबानं घरीच होतो — नशिबानं म्हणतोय, तोंडाची सवय. दार वाजलं, आईनं उघडलं, आणि मी आतल्या खोलीत बाबांपाशी. पुरुषाचा आवाज ऐकून बाबांना वाटलं, चाचा. चेहरा फुलला. "वही—" म्हणून त्यांनी सुरुवात केली, आणि मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

ठेवला नाही. दाबला.

बाहेर आई साखर शोधायचं सोंग करत होती. इन्स्पेक्टर विचारत होता, खाणं-पिणं कोण भरवतं. आणि माझ्या तळहाताखाली बाबांचे ओठ हलत होते. गरम होते. दाढीचे खुंट टोचत होते. त्यांचा डावा हात चांगला होता, बरं का. त्या हातानं ते पेला धरत, डास मारत. त्या हातानं माझा हात बाजूला करता आला असता. त्यांनी केला नाही. माझ्याकडे पाहत राहिले. मग ओठ थांबले.

इन्स्पेक्टर आत आला तेव्हा मी बाबांच्या तोंडावरची लाळ पुसत होतो. चांगला मुलगा दिसत असणार.

तो गेल्यावर आई दारात उभी राहून म्हणाली, "बापाचं तोंड असं दाबतात का रे, दिगू?" मी म्हटलं, "छप्पर जाईल, आई." ती कपबशी धुवायला गेली. पुन्हा कधी तो विषय तिनं काढला नाही.

त्या दिवसापासून बाबा कधीच बोलले नाहीत, असं म्हणालो तर गोष्ट झकास होईल. पण तसं झालं नाही. ते नंतरही बोलले. थोडं. "पानी." "हौ." "नक्को." मग नुसतं "हौ." मग पेल्याकडे बोट. एखादी वाट वापरात नसली की तिच्यावर गवत येतं, तसं हळूहळू. मला दिसत होतं. रोज दिसत होतं. मी महिने मोजत होतो — अजून दोन, अजून एक.

दुसरा बोर्ड. तोच डॉक्टर. त्यानं तेलुगूत विचारलं, हिंदीत विचारलं, बोट दाखवून हे काय, ते काय. बाबा गप्प. डॉक्टर मला म्हणाला, "घरात काही बोलतात? एखादा शब्द?"

"नाही साहेब."

"आधी कोणती भाषा बोलायचे?"

"मराठी. दुसरी येतच नाही त्यांना."

बाबांसमोर म्हणालो मी हे. शाळेत उर्दू अक्षराचं बक्षीस घेतलेल्या माणसासमोर. तरीही डॉक्टर वाकला — का वाकला, देव जाणे, हैदराबादचाच असणार — आणि अगदी हळू, अदबीनं म्हणाला, "जनाब, आपका नाम?"

बाबांचे डोळे हलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरच्या मागे उभा होतो. मी काहीही केलं नाही. बोट ओठांवर नेलं नाही, डोळे वटारले नाहीत. गरजच नव्हती. त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या दिवशी त्यांना आपलं नाव सांगता आलं असतं का? मला वाटतं, आलं असतं. हे वाटणं माझ्या मानेवरून उतरत नाही.

डॉक्टर लिहायला बसला. लिहिता लिहिता म्हणाला, "मी सांगितलं होतं तसं बोलायला लावलं होतं ना?" मी म्हटलं, "रोज साहेब. तासन् तास." त्यानं उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "तुम्ही केलंत ते पुष्कळ केलंत."

पेन्शन बसली. नोकरी लागली. क्वार्टर माझ्या नावावर झाली, आणि आई त्याच पेरूच्या झाडाखाली पापड वाळवत राहिली. मला टूलरूममध्येच घातलं, बाबांच्या स्टुलावर. पुढे काही वर्षांनी कारखानाच बंद झाला, क्वार्टर्स पाडल्या, तिथं आता काचेची इमारत आहे. पण ते नंतरचं. त्याचा याच्याशी संबंध नाही. ती इमारत उभी राहिली नसती, तरी मी जे केलं ते केलंच होतं.

ऑर्डर हातात पडली, त्याच शुक्रवारी मी चाचांना घेऊन आलो. बसमध्ये त्यांना म्हटलं, डॉक्टरांनी आता परवानगी दिलीय. ते सबंध वाटभर बिस्किटांचा पुडा दोन्ही हातांत धरून बसले होते. मी खुशीत होतो. हे लपवत नाही, मी खुशीत होतो. वाटत होतं, संपलं, आता सगळं परत. हत्यार परत केलं की बिल्ला परत, तसं काहीतरी डोक्यात असणार.

चाचा पलंगाशी बसले. बाबांचा डावा हात हातात घेतला. घाबरत घाबरत माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मग त्यांनी नाक वर केलं, पण आवाज मौलवीसाहेबांचा निघाला नाही, त्यांचा स्वतःचाच निघाला, हळू.

"गोविंद वल्द नारायण?"

बाबांनी चाचांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. विचारत होते. सहा महिन्यांची सवय — आधी मला विचारायचं.

मी म्हटलं, "बोला बाबा. आता बोला."

त्यांचे ओठ हलले. तसेच, जसे माझ्या तळहाताखाली हलले होते. मला त्या हालचालीवरून शब्द ओळखू आले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. कपाळावर शिर उभी राहिली. आई म्हणाली, "राहू द्या, राहू द्या." नुसता श्वास येत होता.

शाळेत एखादा मुलगा आला नसला की शेजारचा त्याच्या नावाची हाजरी द्यायचा म्हणे. चाचा खाली मान घालून, बाबांच्या वतीनं म्हणाले, "हाज़िर जनाब."

मग मला दारापर्यंत ओढत नेलं आणि माझा हात धरून रडले. "मेरीच गलती है, बेटा. उस दिन मैं चुप बैठता तो ये आज बोलता. मेरे कू माफ कर." मागे पलंगावर बाबा. ऐकत होते. त्यांना सगळं समजत होतं, आणि आता त्यांना चाचांना काहीच सांगता येणार नव्हतं. मला येणार होतं. चार भाषांत येणार होतं.

मी म्हटलं, "जाने दो चाचा. होना था, हो गया."

चाचा त्यानंतर चार वर्षं जगले. दर शुक्रवारी आले. दर शुक्रवारी पलंगाशी बसून हाजरी घेतली, दोघांचीही हाजरी स्वतःच दिली, आणि निघताना माझी माफी मागितली. दर शुक्रवारी दार मीच उघडलं, आणि त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायलाही मीच गेलो. वाटेत मी बोलत असायचो. साड्यांचं, कारखान्याचं, क्रिकेटचं — सतत.